हौशीचा पडलेला कान

आळेफाट्यावर एसटीतून उतरलेला परका माणूस मेल बघायला म्हणून गेणभाऊंच्या सायबर कॅफेत शिरला, की थोड्याच वेळात त्याचा चेहरा गोंधळून जायचा. दोष मशीनचा नसायचा, तिथल्या बोलण्याचा असायचा.

दारात एखादी मोटारसायकल यायची. ती बंद न करताच वरचा माणूस आत ओरडायचा, "सोपान, जेवली का रं माझी?"

आतून मान वर न करता उत्तर यायचं, "जेवली. आंघोळ पण घातली."

"काल जरा गप गप वाटत व्हती."

"आज बरी हाय. मगाशी फिरवून आणली."

"बघ बाबा. तुझ्यावरच सोडलंय सगळं," असं म्हणून मोटारसायकल नारायणगावकडे निघून जायची.

परक्या माणसाला वाटायचं, मागच्या बाजूला दवाखाना असावा. आणि सोपान नावाचा हा किडकिडीत, केसांना चपचपीत तेल लावलेला माणूस रात्रंदिवस कुणाकुणाच्या आजारी बायकांची सेवा करत असावा. मागच्या बाजूला गेणभाऊंच्या कांद्याच्या रिकाम्या गोण्या होत्या, दुसरं काही नव्हतं. चौकशी चालायची ती कुत्र्यांची. आणि ती कुत्री या भूतलावर कुठंच नव्हती.

सोपान कॉम्प्युटरवर बसला, त्यात त्याचा काही हात नव्हता. गेणभाऊ आळ्याचे मोठे बागायतदार. फाट्यावर त्यांचा एसटीडी बूथ होता आणि सोपान त्यात मीटर बघायला बसायचा. पुढे ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल आला आणि बूथमध्ये फक्त माश्या यायला लागल्या, तेव्हा गेणभाऊंनी पुण्यातल्या एका बंद पडलेल्या क्लासचे चार कॉम्प्युटर टेम्पोत घालून आणले. सोपान घाबरून म्हणाला, "भाऊ, मला यातलं काय कळत न्हाई." गेणभाऊ म्हणाले, "फोनचं मीटर कळत व्हतं ना? मग हे बी कळंल. दोन्हीला वायरच हाय." आणि सोपान ऑपरेटर झाला. गेणभाऊंनी आयुष्यात एवढ्याच तर्कावर ट्रॅक्टर घेतला होता, द्राक्षं लावली होती आणि पोरीचं लग्न ठरवलं होतं. तिन्ही बरी निघाली होती, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

सोपानचं घराणं मेंढरांचं. दिवाळी झाली की घाटघरच्या अंगाने नाणेघाट उतरायचा, कोकणातल्या शेतांत खतासाठी मेंढरं बसवायची आणि आभाळ भरून यायच्या आत पुन्हा वर चढायचं, यातच त्याच्या बापाचं आयुष्य गेलं. बाप गेल्यावर मेंढरं विकली. येडगावजवळ थोडीशी जमीन होती, तिथं सोपान आणि त्याची आई म्हाळसाबाई दोघं राहू लागली. सगळा संसार विकून झाल्यावर मेंढरांच्या तळावरचं एकच जित्राब मागं राहिलं होतं. ती हौशी.

हौशी तांबडी, छातीवर पांढरा पट्टा आणि एक कान जन्मापासून पडलेला. एक कान उभा आणि एक आडवा, त्यामुळे ती कायम अर्धं ऐकल्यासारखी दिसायची. मेंढरं गेल्यावर तिला काही कामच उरलं नाही. मग ती सकाळी सोपानच्या सायकलला वळायची. हाकायला दुसरं काही नसल्याने ती त्याला डाव्या कडेने फाट्याच्या रस्त्याला लावून परत फिरायची. सोपानला लहानपणी कोणी इतक्या शिस्तीत शाळेत घातलं नव्हतं.

त्या वर्षी जुन्नर भागात उसातून बिबटे निघत होते. लोक दिवसा टोळीने रानात जायचे आणि अंधार पडायच्या आत दाराला कडी घालायचे. एका पहाटे ओट्यावर काही आवाजसुद्धा झाला नाही. उजाडल्यावर बघितलं तर ओट्यावर पोतं होतं आणि पोत्यावर कोणी नव्हतं. सोपान उसाच्या कडेपर्यंत गेला. उसात शिरायची त्याची छाती झाली नाही, आणि शिरून करणार तरी काय होता? म्हाळसाबाईने बिबट्याच्या भीतीने दोन दिवस चूल धुपवत ठेवली आणि तिसऱ्या दिवशी जाहीर केलं, "या दारात आता कुत्रं न्हाई. बिबट्याला रोज डबा भरून ठिवायचा का?"

त्यावर बोलायला जागाच नव्हती. सोपानने ओट्यावरचं पोतं झटकून आत ठेवलं.

म्हणून तो ज्या दिवशी कॉम्प्युटरवर चुकून कुत्र्यांच्या एका खेळात शिरला, त्या दिवशी त्याला आपण आईची आज्ञा मोडतोय असं वाटलं नाही. खेळ फुकटचा होता, परदेशातल्या कुणीतरी काढलेला. तुम्हाला एक कुत्र्यांचं घर मिळायचं. रोज एक बटण दाबून कुत्र्याला खायला घालायचं, एक दाबून आंघोळ, एक दाबून फेरफटका. नर-मादी जुळवून पिल्लं काढायची, ती बाजारात विकायची, स्पर्धेत न्यायची, बक्षिसं मिळवायची. आपल्याकडचा एक आठवडा म्हणजे कुत्र्याचं एक वर्ष. आणि तिथं बिबट्या नव्हता. सोपानने सगळी बटणं तपासली. बिबट्या कुठंच नव्हता.

जगातल्या झाडून सगळ्या साहेबी जाती तिथं होत्या. मेंढरांमागचं आपलं कुत्रं तेवढं नव्हतं. मग सोपानने त्यातल्या त्यात लांब पायांची, बारीक कमरेची एक जात घेतली आणि कामाला लागला. पहिल्या पिढीत तांबडा रंग आला. पांढरा पट्टा यायला आणखी काही पिढ्या गेल्या. कान मात्र काही केल्या पडेना. खेळाच्या हिशेबात पडलेला कान हा दोष होता. सगळं जग तो घालवायच्या मागे आणि सोपान एकटा तो आणायच्या मागे. तो हुडकून हुडकून बिघडलेल्या कानाचे नर आणायचा. स्पर्धेत त्याची कुत्री इमानेइतबारे शेवटची यायची. निकाल बघून तो खूश व्हायचा, कारण गुण जितके कमी तितका कान जवळ आला.

आणि एका सकाळी, वीज जायला थोडाच वेळ असताना, पिल्लांच्या चित्रात एक तांबडं पिल्लू दिसलं. छातीवर पट्टा. डावा कान पडलेला. सोपानने त्याचं नाव लिहिलं, हौशी. मग त्याने खुर्ची मागं सरकवली आणि उगाच बाहेर जाऊन रस्ता बघून आला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. एका माणसाने एका कोपऱ्यात आपलं एक दुःख पाळलं होतं, त्याचा कुणाला त्रास नव्हता. घोटाळा झाला तो पिल्लांमुळे.

मेंढरांच्या तळावर कुत्रं विकत नसत. ज्याला पिल्लू हवं त्याने येऊन मागायचं, एक नारळ ठेवायचा, आणि घरच्या बाईने पिल्लाच्या तोंडाला भाकरीचा तुकडा लावून ते त्याच्या हातात द्यायचं. मग ते घर आणि हे घर पाहुणे झाले. त्यांचा तळ पुढे गेला आणि त्यांचं कुत्रं मागे राहिलं, तर त्याला भाकरी घालायची ती आपणच. त्यात विचारण्यासारखं काही नसायचं.

हौशीला पिल्लं झाली तेव्हा खेळाने सोपानला विचारलं, किंमत काय लावता? सोपानला हे वाचून लाज वाटली. त्याने गिऱ्हाइकांना विचारायला सुरुवात केली, "पिल्लू पायजे का?" कुणाला नको असतं? फुकट पिल्लू, खरकटं नाही, भुंकणं नाही. सोपान एकेकाच्या नावाने खेळात घर उघडून द्यायचा आणि पिल्लू तिकडे धाडायचा. टोमॅटो घेऊन वाशी मार्केटला टेम्पो नेणारा पप्पू खरोखरच नारळ घेऊन आला. सोपानने तो मॉनिटरवर ठेवला. गेणभाऊ आले आणि बघतच राहिले.

"हे काय? मशीनची पूजा कशापायी?"

"पप्पूभाऊनं पिल्लू नेलं, भाऊ."

गेणभाऊंनी पप्पूच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग नारळाकडे पाहिलं. "मग मला बी दे एक," ते म्हणाले. "काळं दे. राखणीला काळं बरं."

पाहता पाहता फाट्यावरच्या दीड-दोन डझन लोकांकडे पिल्लू झालं. डी.एड.ला जाणारी आळ्याची हर्षाली, चहावाला, स्टँडवरचा कंट्रोलर. पहिले दोन दिवस सगळे हौसेने खायला घालायला आले. नंतर टोमॅटोचा हंगाम आला, परीक्षा आल्या, आणि जो तो म्हणायला लागला, "सोपान, तेवढं माझ्या कुत्रीचं बघ." सोपान बघायला लागला. पासवर्ड लक्षात राहावा म्हणून त्याने सगळ्यांना एकच ठेवला होता, येळकोट. सकाळी दुकान उघडलं की वीज जायच्या आत तो एकेक घर उघडायचा, सगळ्यांची कुत्री जेवू घालायचा आणि पुढच्या घरी जायचा. त्याच्या दृष्टीने तळ पुढे गेला होता आणि मागे राहिलेल्यांना भाकरी घालणं चाललं होतं.

आणि मग ती नोटीस आली. एका सकाळी सोपानने घर उघडलं तर कुत्र्यांच्या जागी लाल पट्टी आणि खाली बरंच इंग्रजी. त्याने हर्षालीला बोलावलं. पप्पू टेम्पो लावून आत आला होता, तोही मागे उभा राहिला.

हर्षाली वाचत गेली तसा तिचा आवाज बारीक होत गेला. "दादा, हे म्हणतात एकाच जागेवरून एवढी सगळी घरं चालतात."

"चालतात की."

"आणि सगळ्यांना एकच माणूस खायला घालतो."

"घालतो की."

"आणि पिल्लं फुकट इकडून तिकडं जातात."

"मंग? इकायची?"

"दादा, हा त्यांच्यात गुन्हा आहे. त्यांचं म्हणणं, तुम्ही एकटेच आहात. बाकीची सगळी माणसं तुम्ही खोटी तयार केलीत."

"कोण खोटी?"

हर्षालीने पडद्यावर बोट ठेवलं. "गेणभाऊ. मी. आणि पप्पूभाऊ नाहीत असं लिहिलंय."

"कोण न्हाई?" पप्पू पुढे झाला.

"तुम्ही."

पप्पूने आजूबाजूला पाहिलं. "मी न्हाई? आरं, सकाळधरनं टोलवाल्यासंगं भांडून आलोय मी! लायसन हाय माझ्याकडं. दाखव त्यांना लायसन!" आणि त्याने खरंच लायसन काढून पडद्यासमोर धरलं. पडद्याने काही दाद दिली नाही.

नोटिशीत एका आठवड्याची मुदत होती. तोवर सिद्ध करा, नाहीतर घरं कायमची बंद आणि कुत्री कोंडवाड्यात. हर्षाली हुशार. ती म्हणाली, "दादा, एकेकाने नारायणगावला जाऊन तिथल्या कॅफेतून लिहू या. वेगवेगळ्या जागेवरून गेलं तर पटेल."

"का?" सोपान म्हणाला. "आपण इथं बसतो तर इथनंच लिव्हायचं. चोर हाय का आपण?"

त्याच्या या एका सरळपणाने सगळा सत्यानाश झाला, पण त्या क्षणी दुकानातल्या सगळ्यांना तो पटला. गेणभाऊ तर म्हणाले, "बरुबर हाय. आपली माणसं उभी करू. गर्दी बघितली की साहेब नरमतो." तलाठी कचेरीचा त्यांचा अनुभव असा होता.

मग तीन-चार दिवस कॅफेत मिरवणूक लागली. ज्याच्या त्याच्या वेळेला येऊन जो तो आपण असल्याची साक्ष देऊ लागला. इंग्रजी कुणाला येत नव्हतं. सगळ्यांचं हर्षाली करून द्यायची आणि टायपिंग सोपान. हर्षालीला शाळेतला सुट्टीचा अर्ज पाठ होता, त्यामुळे प्रत्येक पत्र "रिस्पेक्टेड सर, मी आपणास नम्रपणे विनंती करतो" असंच सुरू व्हायचं आणि "आपला आज्ञाधारक" असंच संपायचं. मधे माणूस वेगळा. चहावाल्याने आपल्या दुकानाची जागा कळवली आणि साहेब कधी आले तर चहा पिऊन जावं असं लिहायला लावलं. कंट्रोलरने स्टँडचा शिक्का मारायचा आग्रह धरला, तो कुठं मारायचा यावर बराच काथ्याकूट झाला. गेणभाऊंनी मालक म्हणून दाखला दिला, सदर इसम माझ्याकडे नोकरीस असून त्याची चालचलणूक चांगली आहे व त्यास कुत्र्यांखेरीज कोणतेही व्यसन नाही.

पप्पूचं पत्र सर्वांत लांब. "लिव्ह," तो म्हणाला, "तुमी म्हणता मी न्हाई. तर मग तुमच्या देशात टोमॅटो कोण पोचवतो?"

"आपला टोमॅटो तिकडं जातो व्हय?" सोपानने विचारलं.

"आरं वाशीला जातो, तिथनं पुढं कुठं जातो कुणाला ठावं? लिव्ह तू."

सगळी पत्रं गेली. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, आणि ते चांगल्या शब्दांत होतं, हे वाईट. हर्षालीने ते आधी स्वतःशी वाचलं आणि मग बराच वेळ टेबलावरची धूळ पुसत बसली.

"काय म्हणतात?"

"आभार मानलेत, दादा. म्हणतात, सगळी पत्रं एकाच मशीनवरची, एकाच हाताची, सुरुवात एक, शेवट एक. आणि पासवर्डही सगळ्यांचा एक. आमची खात्री पटली, असं लिहिलंय."

"कशाची?"

"तुम्ही एकटेच असल्याची."

सोपानने दुकानभर नजर फिरवली. चहावाला होता, कंट्रोलर होता, गेणभाऊ गोण्या मोजत होते, पप्पू दारात तंबाखू मळत होता. एवढ्या माणसांत बसून तो एकटा असल्याचं शाबीत झालं होतं.

गावच्या कोंडवाड्यात ज्याचं जनावर त्याने दंड भरून सोडवून न्यायचं असतं. या कोंडवाड्यात उलटं होतं. ज्याचं जनावर त्यालाच बंदी. बाकी जगातल्या कुणीही न्यावं. एका आठवड्यात कुणी नेलं नाही तर कुत्रं पुसून टाकायचं. नावं काढून घेतलेली, नुसते नंबर आणि चित्रं. ते पान मात्र कुणालाही बघता यायचं. सोपान ते उघडून बसायचा. सरळ कानाची होती ती बहुतेक पहिल्या दोन दिवसांत गेली. गेणभाऊंचं काळं कॅनडात गेलं. गेणभाऊंनी ते अभिमानाने सगळ्या आळ्यात सांगितलं. पडलेल्या कानाची कोण नेणार? हौशी बसून होती. चित्राखाली भुकेची पट्टी असायची. ती रोज थोडी कमी व्हायची.

आता हर्षाली शेवटी नारायणगावला जाऊन आली. तिथंही लाल पट्टी. इंटरनेटची लाईन फिरून फिरून एकाच ठिकाणाहून जाते म्हणे, त्यामुळे खेळवाल्यांनी सगळा पट्टाच बंद केला होता. एका सोपानपायी अख्खा जुन्नर तालुका कुत्र्यांना मुकला होता.

"वाशीत चालंल ना?" पप्पू म्हणाला. "तिथं मार्केटच्या मागं कॅफे हाय. मी आणतो. त्यात काय?"

सोपानच्या अंगात एकदम जीव आला. त्याने पप्पूला हौशीचा नंबर दिला. पप्पूने तो तळहातावर पेनने लिहून घेतला. "आन् तांबडी हाय," सोपान म्हणाला, "छातीवर पांढरा पट्टा." कानाचं त्याने सांगितलंच नाही. हौशीचा कान पडलेला आहे हे जगात कुणाला सांगावं लागतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

पप्पू दुसऱ्या दिवशी दुपारी आला तो शिट्टी वाजवतच. "आणली!"

"आणली?"

"तिथल्या पोरानं घर उघडून दिलं. नव्या माणसाला एकच मिळतं म्हणाला. म्हटलं, एकच पायजे. नंबर तेवढा क्रेट उतरवताना घामानं पुसला व्हता." त्याने तळहात दाखवला. तिथं निळा डाग होता. "पर तू सांगितलं व्हतंस ना, तांबडी आन् छातीवर पट्टा. तसल्या दोन व्हत्या. एकीचा कान पडलेला. मी म्हटलं ही आजारी दिसती. मंग चांगली बघून घेतली."

सोपान त्या निळ्या डागाकडे बघत राहिला.

"काय रं? लई झ्याक कुत्री हाय. दोन्ही कान असे ताठ!" पप्पूने दोन बोटं डोक्यावर धरून दाखवली.

एवढ्या प्रेमाने ताठ कान दाखवणाऱ्या माणसाला काय सांगणार? सोपान म्हणाला, "बरं केलंस, पप्पूभाऊ." पप्पूची पुढची खेप परवा होती. हौशीची मुदत उद्या संध्याकाळी संपत होती.

घरी त्याने भाकरी तशीच ठेवली. म्हाळसाबाईने इतके दिवस सोपानला काही विचारलं नव्हतं. पडद्यातल्या कुत्र्यांचं तिच्या कानावर आलेलं होतं. "लोकाची पोरं नोकरी करत्यात, आमचं पोरगं भुताची कुत्री राखतंय," असं ती येडगावच्या बाजारात सगळ्यांना सांगायची. आज ती म्हणाली, "मेलं का एखादं?"

"न्हाई. उद्या मरंल."

"कसलं हाय?"

सोपानने भाकरीचा तुकडा मोडला आणि परत थाळीत ठेवला. "हौशीसारखं," तो म्हणाला.

म्हाळसाबाईने चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जीपमधून उतरून ती कॅफेच्या दारात येऊन उभी राहिली. चपला बाहेर काढून आत आली. देवळात आणि दवाखान्यात ती काढायची. गेणभाऊ स्वतः उठले आणि त्यांनी तिला आपली खुर्ची दिली. सोपानने पान उघडलं. चित्र वरून खाली हळूहळू उतरत गेलं, आधी कान, मग डोळे, मग छातीवरचा पट्टा.

म्हाळसाबाई पुढे वाकली. बराच वेळ बघत राहिली. सोपान तिच्या चेहऱ्याकडे बघत होता.

"कान चुकलाय," ती म्हणाली.

"आँ?"

"हौशीचा उजवा पडलेला व्हता. ह्यो डावा हाय."

"न्हाई आये, डावाच व्हता."

"मी घातली तिला भाकरी एवढी वर्सं. उजवा."

"आये, ती सायकलच्या डाव्या अंगाला चालायची. तो पडलेला कान माझ्या पायाला लागायचा."

"मंग उजवाच झाला की! डाव्या अंगाला चालली तर तुझ्याकडं तिचा उजवा ईल."

सोपानने डोळे मिटले. सायकल डोळ्यांसमोर आणली. हौशी आणली. ती कधी पुढे तोंड करून यायची, कधी मागे. गेणभाऊंनी मधे पडून विचारलं, "आता ही पडद्यात आपल्याकडं तोंड करून हाय, तर हिचा डावा म्हंजी आपला उजवा ना?" त्याने गोंधळ आणखी वाढला. हौशीचा फोटो कुणी कधी काढला नव्हता. मेंढरांच्या मागच्या कुत्र्याचा फोटो कोण काढतो? जगात तिला नीट पाहिलेली दोनच माणसं होती आणि दोघं दोन कान सांगत होती.

म्हाळसाबाईची नजर खालच्या पट्टीवर गेली. "ही लाल रेघ कसली?"

"भूक लागलीय तिला."

"मंग घाल की खायाला."

"बटण दाबावं लागतं."

"मंग दाब!"

"मला दाबता येत न्हाई आता, आये. बंदी हाय."

"मी दाबते. मला कुठं बंदी हाय?" तिने हात पुढे केला. सोपानने तिचा हात माऊसवर ठेवला आणि वरून आपला ठेवला. बटण दाबलं. बंदीची लाल पट्टी आली. तिने परत दाबलं. पुन्हा लाल पट्टी. पाचव्या-सहाव्या वेळी वीज गेली. त्या आठवड्यात दुपारची पाळी आळेफाट्याची होती. पडदा काळा झाला आणि त्यात म्हाळसाबाईला आपला आणि लेकाचा चेहरा दिसला.

"कुठं गेली?"

"वीज गेली, आये."

"कधी येती?"

"संध्याकाळी."

म्हाळसाबाई उठली. पदराच्या गाठीतून तिने भाकरीचा एक चतकोर काढला, कीबोर्डशेजारी ठेवला आणि चपला घालून चालू लागली. सोपान तिला जीपपर्यंत सोडायला गेला. जीप भरेपर्यंत दोघं उभी होती.

"उजवाच व्हता," ती जीपमधून म्हणाली.

संध्याकाळी वीज आली तेव्हा त्या नंबरचं पान उघडेना. असं कुत्रं नाही, एवढंच लिहून यायचं. भाकरीचा तुकडा दुपारी चहावाल्याच्या खऱ्या कुत्र्याने नेला होता.

सोपानने मग, दुसरं काही सुचेना म्हणून, पप्पूच्या कुत्रीचं पान उघडलं. फाट्यावरच्या माणसाकडे ती तेवढीच उरली होती. तांबडी, पट्टा, दोन्ही कान ताठ. खाली आईच्या रकान्यात एक नंबर होता, फिका, दाबला तरी काही न उघडणारा. सोपानला तो पाठ होता.

त्याने हे पप्पूला सांगितलं तेव्हा पप्पू म्हणाला, "म्हंजी लेक हाय? मंग मी काय चुकलो?" आणि त्यानंतर पप्पू दर खेपेला वाशीत टोमॅटो उतरवून कॅफेत जायला लागला. सोपानने त्या कुत्रीला हातही लावायचा नाही, असं हर्षालीने बजावलं होतं, नाहीतर पप्पू पुन्हा नाहीसा व्हायचा. मग एक दिवसाआड दुपारी दारात टेम्पो थांबायचा आणि सोपान आतून उठून बाहेर यायचा. आता विचारायची पाळी त्याची होती.

"जेवली का रं?"

"जेवली."

"आंघोळ?"

"ते बटण सापडलं न्हाई."

एवढंच. मधल्या दिवशी भुकेची पट्टी अर्ध्यावर यायची, ती सोपान बघायचा. बघण्याला बंदी नव्हती.

काही खेपांनंतर पप्पू टेम्पोतूनच ओरडला, "सोपान! पिल्लं झाली! मी काय केलं न्हाई, कुठलं तरी बटण लागलं! चार हायेत, आन् एकाचा कान पडलाय!"

सोपान धावत बाहेर आला. "कुठला?"

"कुठला म्हंजी? कान!"

"डावा का उजवा?"

"आता एवढं कोण बघतंय, राव? गाडी डबल लावली व्हती."

पिल्लं मोठी होईपर्यंत त्यांची चित्रं बाहेरच्यांना दिसत नसत. ती फक्त मालकाला दिसायची आणि मालक पप्पू होता. सोपानने त्याला चहा पाजला, पुन्हा पुन्हा समजावलं, म्हाळसाबाईचं म्हणणंही सांगितलं. घरी म्हाळसाबाईने रोज विचारलं, "पप्पू आला का?" तिसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो आला तेव्हा सोपान आधीच रस्त्यावर उभा होता.

"बघितला," पप्पू म्हणाला. त्याचा चेहरा अगदी जबाबदार माणसाचा झाला होता. "चांगला निरखून बघितला. उजवा हाय."

सोपानने श्वास सोडला. मग पप्पूने स्टिअरिंगवरून एक हात उचलला, आपल्या कानाजवळ नेला, मग दुसरा उचलला आणि दोन्ही हात हवेत तसेच ठेवून विचारलं,

"माझ्याकडनं का तिच्याकडनं?"